बाजाराच्या दिवशी उघडी खिडकी: हातावर पोट असलेल्या सभासदांसाठी पतसंस्था कशी चालवावी

आमच्या पतसंस्थेची वेळ साडेदहा ते साडेपाच. पाटीवर तसं रंगवूनच घेतलं होतं. निंदणाला जाणारी बाई सकाळी आठच्या आत घर सोडते आणि दिवस मावळता परतते, म्हणजे मजुरीच्या सगळ्या हंगामात तिच्यासाठी आमचं शटर खालीच. हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली. एकदा ऑडिटच्या कामामुळे बाजाराच्या दिवशी रात्री आठपर्यंत दार उघडं राहिलं, तेव्हा सात-आठ बायका ‘आज उघडं हाय का जी?’ म्हणत आत डोकावल्या. एकीनं कमरेच्या पिशवीतून नोटा काढल्या. घड्या पडून पडून फडक्यासारख्या मऊ झालेल्या. दोनशे सत्तर रुपये होते. ‘ठेवून घ्या भाऊ, घरी नेले की उरत नाही,’ म्हणाली.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसपट्ट्यात एका ग्रामीण बिगरशेती पतसंस्थेचा व्यवस्थापक आहे. संचालक मंडळाच्या सभेत ‘गरिबाला कर्ज दिलं की बुडतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर वाद घालणं सोडून दिलं. बुडालेली खाती काढून बघा. आमच्याकडची बहुतेक मोठ्या रकमांची होती, जामीनदार वजनदार होते आणि कागद चोख होते. लहान खाती थकली ती मुख्यतः एका कारणानं: हप्त्याची तारीख आम्ही ठरवली होती आणि पैसा हाती येण्याची तारीख कापसानं. तेव्हा कामाची सुरुवात तारखांपासूनच करावी लागते.

आधी पैशाचं पंचांग मांडा

गावातली वीस घरं निवडा. पाच-सहा अल्पभूधारक कास्तकार, तेवढेच भूमिहीन मजूर, मक्त्यानं किंवा ठोक्यानं शेती करणारे दोघं-तिघं, एकट्या बाईवर चालणारी तीन-चार घरं, एखादा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीनं राबणारा गडी. जवळ पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, असेल तर तिथली दोन घरं घ्याच. फॉर्म घेऊन जाऊ नका. भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन जा आणि तीनच गोष्टी विचारा: कोणत्या महिन्यात हाती पैसा येतो, कोणत्या महिन्यात हातउसने घ्यावे लागतात, आणि ते कुणाकडून, किती शेकड्यानं.

आमच्याकडे निघालेलं चित्र साधारण असं. मृगाच्या तोंडावर बियाणं आणि खत. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे वह्या-गणवेशाचा खर्च पेरणीच्या अंगावरच येतो. जुलै-ऑगस्टात निंदणाची रोजी मिळते, पण पाऊस सलग लागला की आठ-आठ दिवस ती बंद, आणि तापाची साथ नेमकी तेव्हाच. पोळ्याला घरात पैसा नसतो पण खर्च असतो. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन सोंगणी, दिवाळीपासून वेचणी, जानेवारी-फेब्रुवारीत तूर. मग मार्च ते मे काम कमी आणि लग्नं जास्त. सालदाराचा हिशेब गुढीपाडव्याला, तेव्हा त्याची उचल आणि फेड दोन्ही त्याभोवती फिरतात.

भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या संस्थांनी मात्र हे कॅलेंडर जसंच्या तसं उचलू नये. तिकडे धान आहे, रोवणीची मजुरी आहे, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफूल आणि मग तेंदूपत्त्याचा हंगाम आहे. जो मे महिना आमच्याकडे कोरडा, तोच तिकडे रोख पैशाचा.

उसने किती शेकड्यानं, या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘पाच रुपये शेकडा’ असं येईल. महिन्याला पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के, हे माणसाला कळत नाही असं समजू नका. चांगलं कळतं. पण तो सावकार रात्री नऊला दार उघडतो, कागद मागत नाही आणि ‘उद्या या’ म्हणत नाही. आपली स्पर्धा त्याच्या दराशी कमी आणि त्या उघड्या दाराशी जास्त आहे.

सभासद करून घेणं

पतसंस्थेचा व्यवहार सभासदाशीच, म्हणून पहिली अडचण इथेच येते. प्रवेश फी, भाग (शेअर) रक्कम, फोटो, झेरॉक्स मिळून मजुराची एक-दोन दिवसांची रोजी जाते. भाग रक्कम हप्त्यांत घेता येते का ते आधी आपल्या उपविधीत, म्हणजे संस्थेच्या नोंदलेल्या नियमावलीत, बघा. उपविधी बदलायचा तर सर्वसाधारण सभेत उपस्थितांपैकी दोन तृतीयांश मतांनी ठराव आणि त्यावर सहकार खात्याच्या निबंधकांची मंजुरी लागते, म्हणजे सहा महिन्यांची निश्चिंती. पण ‘उपविधीत बसत नाही’ असं सांगून आपण जे टाळतो, त्यातलं निम्मं उपविधीत नसतंच. ते कर्ज धोरणात किंवा मंडळाच्या जुन्या ठरावात असतं, आणि ते मंडळाच्या एका सभेत बदलता येतं. मी स्वतः पगारपत्रकवाला जामीनदार ही अट कित्येक वर्षं कायदा समजून पाळत होतो. ती एका जुन्या ठरावातून आली होती.

कागदपत्रांत आधार, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचं जॉबकार्ड यांपैकी जे असेल ते घ्या. नावांचा घोळ ही खरी डोकेदुखी. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच. परत पाठवू नका. संस्थेतल्या एका कर्मचाऱ्याला आठवड्यातून एक दुपार याच कामासाठी द्या, तो आधार केंद्रात सोबत जाईल. हे काम आपलं नाही असं वाटेल, पण नाव जुळलं की त्या बाईचं बँक खातं, अनुदान आणि आपलं खातं असं तिन्ही सुटतं.

अंगठा लावणाऱ्या सभासदाला कागद वाचून दाखवा, आणि वाचणारा माणूस कर्ज मंजूर करणारा नसावा. वारसाचं नाव पहिल्याच दिवशी लिहून घ्या. नवऱ्याच्या मागे त्याच्या खात्यातले चार हजार मिळवायला विधवेला सहा चकरा माराव्या लागल्या, असं आमच्याकडे घडलेलं आहे, आणि वारस नोंदीचा रकाना मोकळा सोडणारा कारकून मीच होतो.

ठेव: वीस रुपयांची, पण रोजची

दारावर जाऊन रोजची लहान ठेव गोळा करायची पद्धत आपल्या देशात टी. एम. ए. पै यांच्या बँकेनं १९२८ साली पिग्मी या नावानं सुरू केली. आपल्याकडे दैनिक ठेव म्हणा, डेली म्हणा, हातावर पोट असलेल्या माणसासाठी आजही याहून चांगली योजना मला दिसलेली नाही. रोज वीस रुपये म्हणजे वर्षाचे ७,३००. शाळा, पोळा आणि एक आजारपण निघतं.

पण आपल्या पद्धतीत दोन दोष आहेत. एक, प्रतिनिधी बाजारपेठेतल्या दुकानांवरच फिरतो, कारण त्याचं कमिशन रकमेवर असतं. शंभर रुपये देणारा किराणावाला सोडून वीस रुपयांसाठी तो वस्तीत कशाला जाईल? त्यावर आम्ही वस्तीतल्या खात्यांसाठी कमिशनचा दर थोडा वाढवला आणि बचत गट चालवणाऱ्या दोन बायकांनाच प्रतिनिधी नेमलं. पोडावर तर बाहेरच्या माणसाकडे पैसे कुणी देतच नव्हतं, तिथलीच मुलगी नेमल्यावर देऊ लागले.

दुसरा दोष भरवशाचा. आमच्या एका प्रतिनिधीनं चार महिने फक्त स्वतःच्या डायरीत नोंदी केल्या, पासबुकात नाहीत. ‘मशीन बिघडलं’ म्हणायचा. उघड झालं तेव्हा संस्थेनं पैसे भरून दिले, पण त्या वस्तीतून पुढची दोन वर्षं आम्हाला एक नवं खातं मिळालं नाही. तेव्हापासूनचा नियम असा: मशीनमधून छापील पावती निघाली नाही तर पैसे द्यायचे नाहीत, हे प्रत्येक सभासदाला तोंडी सांगायचं, आणि महिन्यातून एकदा व्यवस्थापकानं स्वतः कोणत्याही दहा घरी जाऊन पासबुक आणि संस्थेचं लेजर जुळवायचं. दहा घरांना दोन तास लागतात. मी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी जातो.

मुदतीआधी पैसे काढले तर कापून घेण्याची चाल आहे. दवाखाना आणि मयत या दोन कारणांसाठी ती पूर्ण बंद करा, पुरावाही मागू नका. स्वतःचेच पैसे काढताना दंड बसलेला माणूस पुन्हा येत नाही, सरळ सावकाराकडे जातो.

हातगरज कर्ज

अडीनडीला लागणाऱ्या लहान कर्जाचा विचार सगळ्यात जास्त करावा लागतो, कारण रक्कम लहान आणि उपद्रव मोठा. ५,००० रुपये तीन महिन्यांसाठी सव्वा रुपया शेकड्यानं दिले, तर पूर्ण मुदतीनंतर एकदम फेड झाली तरी व्याज मिळतं १८७ रुपये ५० पैसे. एवढ्यात अर्ज, चौकशी, मंजुरी, वसुली बसत नाही. म्हणून संस्था हे कर्ज देतच नाहीत, किंवा देतात तेव्हा त्यावर इतके खर्च चढवतात की काही अर्थ उरत नाही. दहा हजार मंजूर, त्यातून पाच टक्के भाग रक्कम, अर्ज फी, कागदांचा खर्च, विमा कापून हातात नऊ हजार दोनशे. आणि व्याज मात्र पूर्ण दहावर. एका सभासदानं मला काउंटरवर सगळ्यांसमोर विचारलं होतं, ‘साहेब, आठशे कुठी गेले जी?’ माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्याला पटण्यासारखं नव्हतं.

अमेरिकेतल्या क्रेडिट युनियन म्हणजे साधारण आपल्या पतसंस्थाच. तिथेही पगारापर्यंत तग धरण्यासाठी लोक प्रचंड दरानं उचल घेत. त्यावर त्यांच्या नियामकानं २०१० साली पर्यायी लहान कर्जाची चौकट घालून दिली: २०० ते १,००० डॉलर, एक ते सहा महिने मुदत, व्याज २८ टक्क्यांच्या वर नाही, अर्जाचा खर्च २० डॉलरपेक्षा जास्त नाही, आणि जुनं कर्ज नव्यात फिरवायचं नाही. दर आपल्याकडे चालणार नाही, पण चौकट उचलण्यासारखी आहे, विशेषतः शेवटचा नियम.

आमची घडी अशी बसली. सलग सहा महिने ठेव भरणाऱ्या सभासदाला जमा रकमेच्या दुप्पट, जास्तीत जास्त दहा हजार. सातबारा नको, पगारदार जामीनदार नको. ठेवीची नोंद हीच त्याची पत. फाईल वर्षातून एकदाच करायची: उन्हाळ्यात, सगळ्यांना वेळ असतो तेव्हा मर्यादा मंजूर करून ठेवायची. पुढे गरज पडेल तेव्हा रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली वचनचिठ्ठी घ्यायची आणि त्याच दिवशी पैसे द्यायचे. मंजुरी व्यवस्थापकाची, मंडळापुढे महिन्याच्या सभेत यादी. भाग रक्कम कर्जातून कापायची नाही, फेडीच्या हप्त्यांबरोबर थोडी थोडी घ्यायची. आपल्या वकिलाला विचारून स्टॅम्प पेपर कुठे खरंच लागतो आणि कुठे सवयीनं लावतो ते एकदा तपासा. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या स्टॅम्पच्या जागी पाचशेचा आला आहे, आणि पाच हजारांच्या कर्जाला पाचशेचा कागद म्हणजे व्याजाआधीच दहा टक्के.

चौकशीत एकच आकडा नीट काढा: घरात इतर हप्ते किती जातात. गटाचं, मायक्रोफायनान्सचं, दुचाकीचं. रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली सूक्ष्म कर्ज देणाऱ्यांसाठी नियम केला की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. तो पतसंस्थांना लागू नाही. तरी वापरा. सोमवारी एकाचा हप्ता, मंगळवारी दुसऱ्याचा असं चाललेल्या घरात आणखी एक कर्ज घालणं म्हणजे मदत नव्हे. तिथे ‘नाही’ म्हणून आधी ठेव सुरू करून द्यावी.

हप्ते पिकाकडे बघून

दर महिन्याच्या दहा तारखेला सारखा हप्ता ही पगारदारांची रीत. कापूसवाल्याला जूनमध्ये २०,००० दिले तर आम्ही हप्ते तीन ठेवतो. एक रुपया शेकडा दर धरा. पाच महिन्यांनी नोव्हेंबरात ८,००० मुद्दल आणि १,००० व्याज. दोन महिन्यांनी, पहिल्या वेचण्यांचे चुकारे हाती आल्यावर, ८,००० आणि २४० व्याज. मार्चमध्ये तूर विकून राहिलेले ४,००० आणि ८०. एकूण व्याज १,३२०. हा हिशेब कर्ज देतानाच पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून द्यायचा, मराठी आकड्यांत. भूमिहीन मजुराचं उलट: त्याला हंगामात आठवड्याचे लहान हप्ते बाजाराच्या दिवशी जमतात, आणि एप्रिल-मे मोकळे ठेवावे लागतात.

व्याज घटत्या शिलकीवरच घ्या. ‘सरळ बारा टक्के’ हा शब्द फसवा आहे. १०,००० रुपये वर्षाच्या मुदतीनं सरळ १२ टक्क्यांनी दिले तर व्याज १,२०० आणि हप्ता ९३३. घटत्या शिलकीवर त्याच दरानं हप्ता ८८८ आणि वर्षाचं व्याज जेमतेम ६६२. सरळ बाराचा खरा दर साडेएकवीसच्या घरात जातो. संस्थेला खर्चामुळे जास्त दर लागत असेल तर तो उघड लावा.

थकल्यावर

पहिला हप्ता चुकला की आठ दिवसांत घरी जायचं, एकट्यानं, पायी किंवा सायकल-मोटारसायकलवर. संस्थेची गाडी आणि चार माणसं दारात उभी राहिली की शेजारी बघतात, आणि त्या दिवशी नातं संपतं. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मोठ्या थकबाकीसाठी ठेवा. आठ हजारांसाठी तो काढणं म्हणजे कर्जाएवढाच खर्च.

सगळ्या शिवाराचं पीक गेलं तर एकेकाची बाजू ऐकत बसण्यापेक्षा आधीच एक नियम ठरवून ठेवा. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हा आमच्याकडे तो नव्हता. ज्याचा संचालकाशी परिचय त्याला मुदतवाढ मिळाली, बाकीच्यांना नोटिसा गेल्या. आता आम्ही पैसेवारीला, म्हणजे गावाच्या पिकाच्या सरकारी अंदाजाला, दोरी बांधली आहे: गावाची अंतिम पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की त्या गावातल्या सगळ्या पीक-हप्त्यांना आपोआप पुढच्या हंगामापर्यंत मुदत, दंडव्याज नाही. पैसेवारी डिसेंबरअखेर जाहीर होते, तोवर नोटीस काढायची नाही. अर्ज करायला लावायचा नाही, यादी आपणच लावायची.

बँकेशी जोड, आणि एक खरं बोलणं

अनुदान, पेन्शन, लाडक्या बहिणीचे दीड हजार हे सगळं आधार जोडलेल्या बँक खात्यात येतं, पतसंस्थेत नाही. म्हणून सभासदाचं जनधन खातं चालू आहे ना ते बघणं आपल्याच फायद्याचं. त्याच खात्यातून वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा निघतो. पहिला १८ ते ७० वयाला, दुसऱ्यात प्रवेश पन्नाशीपर्यंत. वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणजे मे महिन्याच्या शेवटी खात्यात ४५६ रुपये हवेत. आम्ही दैनिक ठेवीतून ते सभासदाच्या संमतीनं बँक खात्यात वळते करतो. वीज पडून किंवा साप चावून माणूस गेला तर त्या घराला दुसरा आधार नसतो.

आता खरं बोलणं. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. हे काउंटरवर लिहून लावा. मंडळानं विरोध केला होता, ‘लोक पैसे काढून नेतील’ म्हणून. कुणी नेले नाहीत. पण त्या पाटीमुळे मंडळालाही शिस्त लागली: लगेच देता येईल अशी रोकड किती, पैसा कुठे गुंतवला, सगळा एकाच ठिकाणी तर नाही ना. नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या जिल्हा मध्यवर्ती बँका मध्यंतरी अडचणीत आल्या तेव्हा विदर्भातल्या लोकांनी ‘आपले पैसे आपल्याला मिळत नाहीत’ म्हणजे काय ते पाहिलंय. मोठा ठेवीदार निभावून नेतो. दोनशे सत्तरवाली नाही.

लहान कर्जांचा वाटाही बेतानं वाढवा. पहिल्या वर्षी एकूण कर्जाच्या पाच टक्क्यांपर्यंत, एका वस्तीपासून. बाजाराच्या संध्याकाळी खिडकी उघडायची तर एक कर्मचारी दुपारनंतर कामावर घ्या, म्हणजे जादा पगार नको. दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा सकाळीच आणून ठेवा, आणि रोकड मोजून तिजोरीत जाईपर्यंत दुसरं माणूस सोबत हवं. बायकांना बसायला बाक दारालगत नको, आत भिंतीशी ठेवा. आत किती पैसे टाकले हे रस्त्यावरच्या माणसाला दिसू नये, असं त्यांचंच म्हणणं होतं.

हे सगळं मंडळापुढे मांडायचं तर जुलैच्या सभेत मांडा, कारण वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी जायला हवी. सभेची तारीख पोळ्यानंतर पण सोयाबीन सोंगणीला यायच्या आधी धरा, बाजाराच्या दिवशी, दुपारी चारनंतर. आम्ही वर्षानुवर्षं ती रविवारी सकाळी अकराला घेत होतो आणि कोरमअभावी अर्धा तास थांबवून त्याच खुर्च्यांपुढे पुन्हा सुरू करत होतो.